आकाशातून पडलेला अग्नी : यॉर्क मिन्स्टरची आग आणि लोकमत

इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्क नगरात ‘मिन्स्टर’ ह्या नावाने ओळखले जाणारे पुरातन कॅथीड्रल आहे. ९ जुलै १९८४ रोजी, मध्यरात्र उलटून अडीचचा सुमार झाला असता, त्याला आग लागली. क्रूसाकृती इमारतीच्या दक्षिण बाहूचे छप्पर पेटले. शंभराहून अधिक अग्निशामक जवान झटत होते. ज्वाळा मधल्या मनोऱ्याकडे सरकू नयेत म्हणून अखेरीस त्यांनी पेटलेल्या छपरावर पाण्याचा असा मारा केला की, ते छप्परच खाली यावे. ते आले, आणि उरलेले मंदिर वाचले. मनुष्यहानी झाली नाही. पुढे झालेल्या चौकशीत जाळपोळीचा किंवा विजेच्या तारांतील दोषाचा पुरावा आढळला नाही. आकाशातील वीज पडणे हेच सर्वांत संभाव्य कारण ठरले.

ह्या घटनेला आता चाळीस वर्षे उलटून गेली. छप्पर केव्हाच पूर्ववत झाले. मग आमच्या पाळक व धर्मशिक्षक बंधुभगिनींपुढे हा विषय आज का मांडावा? त्याचे कारण ती आग नव्हे. आगीविषयी लोक जे बोलले ते होय. ते बोलणे यॉर्कपुरते नव्हते आणि १९८४ पुरतेही नव्हते. आमच्या मंडळ्यांत, मर्तिकाच्या घरी, पुरानंतर, अपघातानंतर, ते आम्ही दर वर्षी ऐकतो; आणि खरे सांगावयाचे तर, अनेकदा ते आमच्याच तोंडून निघते.

आगीच्या तीन दिवस आधी, ६ जुलै रोजी, त्याच मंदिरात डेव्हिड जेंकिन्स ह्यांचा डरहॅमचे बिशप म्हणून दीक्षाविधी झाला होता. जेंकिन्स हे लीड्स विद्यापीठात ईश्वरविद्येचे प्राध्यापक होते. एप्रिल महिन्यात दूरदर्शनवरील एका मुलाखतीत त्यांनी, प्रभूचा कुमारीच्या पोटी झालेला जन्म ऐतिहासिक घटना म्हणून शब्दशः मानण्याची आवश्यकता नाही, आणि पुनरुत्थान ही एक ठरावीक घटना नसून शिष्यांना आलेल्या अनुभवांची मालिका होती, अशा आशयाची विधाने केली होती. त्यावरून मोठे वादळ उठले. दीक्षा देऊ नये म्हणून हजारो सह्यांचे निवेदन आर्चबिशपांकडे गेले. यॉर्कचे आर्चबिशप जॉन हॅबगुड ह्यांनी तरीही दीक्षा दिली. आणि तिसऱ्या रात्री त्याच छपरावर वीज पडली.

पुढे काय झाले असेल हे वाचकांनी ताडलेच असेल. वृत्तपत्रांकडे पत्रे आली, व्यासपीठांवरून प्रवचने झाली, रस्त्यावरच्या माणसानेही मान हलवली : देवाचा कोप झाला. कार्मेल पर्वतावर एलीयाच्या वेदीवर अग्नी पडला होता, तसाच तो आता अविश्वासू बिशपाच्या दीक्षास्थानी पडला. काहींनी हे पूर्ण गांभीर्याने म्हटले, काहींनी अर्धवट थट्टेने. थट्टा करणाऱ्यांचेच प्रमाण अधिक असावे असा आमचा तर्क आहे. पण थट्टेतही माणूस आपली खरी समजूत बोलून जातो.

ह्या मताचे खंडन करणे अगदी सोपे आहे, आणि सोपे आहे म्हणूनच ते अपुरे ठरते. जर तो कोप होता, तर तो तीन दिवस का थांबला? बिशप तेथून निघून गेल्यावर, मंदिर रिकामे असताना, रात्री अडीच वाजता का आला? ज्या दगडविटांनी पुनरुत्थानाविषयी कधी शंका घेतली नाही त्यांच्यावर का पडला? जेंकिन्स त्या रात्री सुखरूप होते आणि पुढे अनेक वर्षे डरहॅमच्या गादीवर राहिले. असे प्रश्न विचारून हशा मिळतो. परंतु कोपवादी मनुष्य ह्याला चटकन उत्तर देतो : देवाने दया केली, इशारा दिला, माणसे वाचविली. म्हणजे वीज पडली तरी सिद्ध, न पडती तरी सिद्ध. ज्या विधानाला कोणतीही घटना खोटे ठरवू शकत नाही, ते घटनेविषयी काहीच सांगत नाही. बोलणाऱ्याच्या मनात आधीपासून काय होते एवढेच सांगते.

ह्याचा पुरावा इंग्लंडच्याच इतिहासात पडून आहे, आणि त्यात असा एक योगायोग आहे की, कोपवाद्यांना तो ठाऊक असता तर ते कदाचित थोडे सावरले असते. ४ जून १५६१ रोजी लंडनच्या संत पौलाच्या जुन्या कॅथीड्रलचे उंच लाकडी शिखर वीज पडून जळाले. राणी एलिझाबेथ गादीवर येऊन जेमतेम अडीच वर्षे झाली होती, आणि प्रॉटेस्टंट व्यवस्था नुकतीच पुन्हा स्थापन झाली होती. आगीनंतरच्या रविवारी, ८ जूनला, कॅथीड्रलच्या आवारातील व्यासपीठावरून जेम्स पिल्किंग्टन ह्यांनी प्रवचन केले. लोकांच्या पापांमुळे, विशेषतः मंदिराच्या आत चालणाऱ्या व्यापारामुळे व गप्पागोष्टींमुळे, देवाचा क्रोध उतरला, असा त्याचा रोख होता. हे पिल्किंग्टन कोण? डरहॅमचे बिशप! आणि मग जुन्या पंथाचे जॉन मॉरवेन ह्यांनी उलट पत्रक काढले : क्रोध उतरला हे खरे, पण तो मिस्सा व जुने विधी टाकून दिल्याबद्दल. पिल्किंग्टन ह्यांनी त्याला १५६३ मध्ये पुस्तकरूपाने उत्तर दिले. तीच वीज, तेच शिखर, तोच देव. आणि निकाल दोन्ही पक्षकारांच्या बाजूने. जुने विधी अगदी भरात असताना, पंधराव्या शतकातही, त्याच शिखरावर वीज पडली होती, ही गोष्ट तर वेगळीच.

आपल्या देशातही हा वाद घडला आहे, आणि तो अधिक थोर माणसांमध्ये घडला. जानेवारी १९३४ मध्ये बिहारात प्रचंड भूकंप झाला. महात्मा गांधी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे ते जाहीरपणे म्हणाले. रवींद्रनाथ ठाकुरांना ते मुळीच रुचले नाही. त्यांनी निषेध लिहून पाठविला आणि गांधीजींनी तो आपल्या ‘हरिजन’ पत्रात स्वतःच्या उत्तरासह छापला. भौतिक उत्पातांची कारणे भौतिक घटनांतच असतात, हा ठाकुरांचा पहिला मुद्दा सर्वांना आठवतो. दुसरा अधिक बोचरा होता : हीच तर्कपद्धती गांधीजींच्या विरोधकांना अधिक शोभून दिसेल, कारण तेही भूकंपाचे खापर गांधीजींच्या चळवळीवर फोडू शकतील. अस्पृश्यता हे पाप आहे ह्याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण इतक्या न्याय्य पक्षालाही ही तर्कपद्धती पेलवत नाही, मग इतरांची काय कथा?

ह्या तर्काचे टोक कोठे जाते ते यॉर्क मिन्स्टरनेच पाहिले आहे. १ फेब्रुवारी १८२९ ह्या रविवारी संध्याकाळच्या उपासनेनंतर जोनाथन मार्टिन नावाचा मनुष्य मंदिरातच लपून बसला आणि रात्री त्याने गायकवृंदाच्या भागाला आग लावली. लाकडी आसने, ऑर्गन, वरचे छप्पर, सारे भस्म झाले. मार्टिन काही काळ मेथडिस्ट मंडळीत होता, त्याला स्वप्ने पडत, आणि इंग्लंडच्या पाळकवर्गाच्या मद्यावर व गोमांसाच्या मेजवान्यांवर तुटून पडणाऱ्या चिठ्ठ्या त्याने आगीपूर्वी मंदिराच्या परिसरात लावून ठेवल्या होत्या. देवाचा कोप ह्या पाळकांवर उतरणार आहे असा त्यात इशारा होता. कोप उतरण्यास विलंब होत आहे असे पाहून त्याने तो आपल्या हातांनी उतरविला. न्यायालयाने त्याला वेडा ठरविले, आणि तो १८३८ मध्ये वेड्यांच्या रुग्णालयात वारला. आम्ही १९८४ च्या पत्रलेखकांना मार्टिनच्या पंक्तीस बसवीत नाही. तो अन्याय होईल. परंतु शमरोनी गावाने प्रभूला उतरू दिले नाही तेव्हा आकाशातून अग्नी मागण्याची इच्छा याकोब व योहान ह्यांना झाली होती, आणि प्रभूने वळून त्यांनाच दटावले, त्या गावाला नव्हे. हे लूकने नोंदविले आहे ते उगीच नव्हे. अग्नीची इच्छा आधी मनात असते. मग वीज पडली की तिला पुरावा मिळतो.

येथपर्यंत आमच्याशी बहुतेक वाचक सहमत होतील. आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तीही आम्हांस निर्दोष वाटत नाही.

कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी त्याच दिवशी यॉर्कला आले. त्यांनी कोपाची कल्पना उचलून धरली नाही. मात्र आग दक्षिण बाहूपुरती मर्यादित राहिली हा चमत्कार होय, ज्वाळांशी झुंजताना प्रभू आपल्या बाजूस होता, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. रात्रभर धुरात झटलेल्या जवानांसमोर आणि जळक्या तुळयांच्या वासात उभे राहून पाळकाने असे शब्द उच्चारणे स्वाभाविक आहे. त्या जागी आम्ही असतो तर आम्हीही हेच बोललो असतो. पण शांतपणे विचार केला तर हे वाक्य आणि पत्रलेखकांचे वाक्य एकाच खाणीतून निघाले आहे हे दिसते. आग थांबविण्यात प्रभूचा हात ओळखता येतो, तर ती लावण्यात का ओळखू नये? जमेची बाजू देवाच्या खात्यावर आणि खर्चाची बाजू हवामानाच्या खात्यावर, असे दुहेरी हिशेब कोणताही सावकार चालू देणार नाही. कोपवाद्याला निदान एवढे तरी श्रेय द्यावे लागेल की, त्याने एकच वही ठेवली.

आर्चबिशप हॅबगुड ह्यांचे उत्तर अधिक स्वच्छ होते. ते स्वतः केंब्रिजमध्ये शरीरक्रियाशास्त्राचे संशोधन केलेले वैज्ञानिक होते. विजेच्या लोळात ईश्वराचा निकाल वाचण्याची ही वृत्ती त्यांनी उघडपणे नाकारली. त्यांचे म्हणणे मुळात बरोबर आहे. तरीही एक अडचण उरते, आणि ती त्यांच्याच मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात छापलेली आहे. त्या पुस्तकात पावसासाठी प्रार्थना आहे, आणि अतिवृष्टी थांबून उघाड मिळावी म्हणूनही आहे. मेघ जर केवळ वाफ व विद्युत् असतील, तर ह्या प्रार्थना कोणापुढे केल्या जातात? रविवारी पावसासाठी हात जोडणारा पाळक सोमवारी विजेविषयी देवाचे नावही काढू नका म्हणू लागला, तर सामान्य उपासकाच्या मनात गोंधळ होणारच. आमच्या दुष्काळी भागांतील मंडळ्यांना हा गोंधळ पुस्तकी वाटणार नाही. जूनचा पंधरवडा कोरडा गेला की तेथे उपवासप्रार्थना होतेच, आणि ती मनापासून होते.

म्हणजे देवाचा संबंध नाकारून सुटका नाही, आणि तो वाचता येतो असे म्हणूनही नाही. ईयोबाच्या पुस्तकात एक निरोप्या धावत येतो आणि सांगतो की, आकाशातून देवाचा अग्नी पडून मेंढरे व चाकर जळाले. वाचकाला त्याआधीच्या दृश्यामुळे ठाऊक असते की, त्या अग्नीमागे काय चालले आहे. निरोप्याला ठाऊक नसते, ईयोबालाही नसते. पुढे आलेल्या मित्रांना मात्र सर्व काही ठाऊक असते! ते एकामागून एक येऊन ईयोबाचे पाप शोधून देतात. आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. त्यांनी माझ्याविषयी ईयोबासारखे यथार्थ भाषण केले नाही असे ठरवितो. देवाची बाजू घेणाऱ्यांवर देवाने रागवावे, ही गोष्ट सर्व व्यासपीठांच्या समोर लिहून ठेवण्याजोगी आहे.

येथे कोणी विचारील : मग संदेष्ट्यांचे काय? यिर्मयाने मंदिराच्या नाशाला देवाचा न्याय म्हटले नाही काय? म्हटले. हा आक्षेप खरा आहे व त्याला बगल देता कामा नये. परंतु यिर्मया केव्हा, कोठे आणि कोणाविषयी बोलला हे पाहावे. तो मंदिर जळण्याच्या आधी बोलला. राख थंड झाल्यावर नव्हे. तो मंदिराच्या दारात उभा राहून बोलला आणि त्याबद्दल त्याच्या जिवावर बेतले. त्याने परके, अनाथ व विधवा ह्यांवरील जुलूम नाव घेऊन सांगितला. ज्यांच्याविषयी बोलला ते त्याचेच लोक होते, आणि शेवटी त्यांच्याबरोबरच तो ओढला गेला. विलापगीतांतही कोपाची भाषा आहे, पण तेथे ‘आम्ही’ आहे. बोट दाखविणारा ‘तो’ नाही. १९८४ च्या पत्रांना ह्या कसोटीवर घासून पाहिले तर काय उरते? घटनेनंतर, सुरक्षित घरातून, दुसऱ्याविषयी, आणि स्वतःला काहीही खर्च न येता ती लिहिली गेली. संदेष्ट्याची भाषा होती. संदेष्ट्याची जोखीम नव्हती.

शिलोहाच्या बुरुजाचा दाखला तर सर्वांस पाठ आहे, म्हणून त्यावर विस्तार करीत नाही. एकच गोष्ट नजरेस आणावीशी वाटते. बुरूज पडून मेलेले अठरा जण यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते असे प्रभू स्पष्ट सांगतो. पण तेथे तो थांबत नाही, ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करावयास सांगतो. आधुनिक प्रवचनकार पहिला अर्धा भाग घेतात, जुने प्रवचनकार दुसरा. दोन्ही एका श्वासात म्हणणे फार थोड्यांस जमते.

आता पॅरिसकडे. १५ एप्रिल २०१९ रोजी, पवित्र सप्ताहातील सोमवारी, नोत्र दाम कॅथीड्रलला आग लागली. बाराव्या-तेराव्या शतकांतील ओक लाकडाचे छप्पर जळाले, एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्यूक ह्यांनी उभारलेले शिखर सर्व जगाच्या डोळ्यांदेखत कोसळले. यॉर्क आणि पॅरिस ह्यांमध्ये पस्तीस वर्षांचे अंतर आहे, परंतु लोकांच्या बोलण्यात अंतर पडले ते त्याहून मोठे वाटते. यॉर्कच्या वेळी लोकांनी विचारले होते, देवाने हे का केले? पॅरिसच्या वेळी विचारले गेले : कोण पैसे देणार, शिखर जुन्या घाटाचे की नव्या, किती वर्षांत? अध्यक्ष माक्राँ ह्यांनी पाच वर्षांचा वायदा केला, पंतप्रधानांनी दोन दिवसांत शिखरासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घोषित केली, पुढे ती मागे पडून जुनेच शिखर पुन्हा उभारण्याचे ठरले. १९०५ च्या कायद्याने फ्रान्समधील कॅथीड्रले शासनाच्या मालकीची आहेत, त्यामुळे हे शासनानेच ठरविणे क्रमप्राप्त होते. देवाचा कोप म्हणणारे थोडे होते. त्याच्याऐवजी मुसलमानांनी आग लावली अशी अफवा मात्र पसरली. तपासात घातपाताचा कोणताही पुरावा सापडला नाही. म्हणजे कोपवाद मेला नव्हता. त्याने देवाला वगळून शेजाऱ्याला पकडले. दोन्हींमध्ये निवड करावयाची वेळ आली तर आम्ही यॉर्कचे जुने पत्रलेखक पत्करू.

पैशांचा ओघ अचाट होता. पिनो कुटुंबाने दहा कोटी युरो देऊ केले, आर्नो कुटुंबाने वीस कोटी. एकंदर सुमारे ३ लाख ४० हजार दात्यांकडून ८० कोटींहून अधिक युरो जमले. त्याविरुद्धही ओरड झाली : दगडांसाठी एवढे मिळतात, माणसांसाठी का नाही? रस्त्यावर उतरलेल्या ‘पिवळ्या जाकिटां’च्या आंदोलकांचा हा प्रश्न होता व तो खोटा नव्हता. तथापि अभिषेकाच्या तेलाविषयीही असाच प्रश्न एकदा विचारला गेला होता, आणि विचारणाऱ्याला गरिबांची काळजी नव्हती असे योहान म्हणतो. तेव्हा प्रश्न कोण विचारतो ह्याकडेही लक्ष द्यावे लागते. आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते ते अमेरिकेतील लुइझियाना राज्यात घडले. २६ मार्च ते ४ एप्रिल २०१९ ह्या दहा दिवसांत तेथील एकाच परगण्यात कृष्णवर्णीय बाप्तिस्त मंडळ्यांची तीन मंदिरे एका तरुणाने जाळली. त्यांच्यासाठी उघडलेला निधी रेंगाळत होता. नोत्र दाम जळाल्यावर कोणीतरी लोकांना त्यांची आठवण करून दिली, आणि काही दिवसांत त्यांनी मागितलेल्या अठरा लाख डॉलरांहून अधिक रक्कम गोळा झाली. मोठ्या मंदिराच्या ज्वाळांच्या उजेडात तीन लहान मंदिरे दिसली. आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, २१ एप्रिलच्या पुनरुत्थानदिनी, श्रीलंकेत तीन उपासनामंदिरांत व हॉटेलांत बॉम्ब फुटून अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्या मृतांसाठी आमच्या किती मंडळ्यांत विशेष प्रार्थना झाली, आणि पॅरिसच्या छपरासाठी किती ठिकाणी झाली, ह्याची आठवण ज्याने त्याने आपल्या प्रार्थनासभेच्या वहीत पाहावी.

पॅरिसच्या त्या रात्रीतील एक प्रतिक्रिया आम्ही ह्या परीक्षणातून वगळू इच्छितो. ज्वाळा दिसत असता रस्त्यांवर तरुण मुलेमुली गुडघे टेकून मरियेची स्तोत्रे गात होती. त्यांनी कारण सांगितले नाही, कोणास दोष दिला नाही, शैलीविषयी मत दिले नाही. मरियेच्या स्तोत्रांविषयी आमच्या वाचकांत मतभेद आहेत हे आम्ही जाणतो. पण आगीपुढे काय करावे हे त्यांना बिशपांपेक्षा आणि अध्यक्षांपेक्षा बरे कळले.

गोव्याच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगावयास नको. जुन्या गोव्याच्या से कॅथीड्रलचे दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला आणि पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली घंटा आहे, आणि उपासना चालू आहे. त्या एका बाजूने रिकाम्या दर्शनी भागाकडे पाहून कोपाचा शोध लावणारे तेथेही मिळतील, कारण जुन्या गोव्याच्या इतिहासात पापे शोधणाऱ्यास ती पुष्कळ सापडतात. नगर ओस पडण्यास रोगराई पुरेशी होती.

यॉर्ककडे परत येऊ. दक्षिण बाहूत एक मोठी गुलाबखिडकी आहे, सोळाव्या शतकातील काचांची. आगीच्या तापाने त्या काचांना हजारो तडे गेले. चाळीस हजार, असा आकडा सांगितला जातो. तरी खिडकी गळून पडली नाही. चमत्कार म्हणावयाचा मोह येथे कोणासही व्हावा. पण कारागिरांना कारण ठाऊक होते : थोड्याच वर्षांपूर्वी ती सारी खिडकी उतरवून नव्या शिशाच्या पट्ट्यांत बसविण्यात आली होती. शिसे नवे व घट्ट होते, म्हणून भाजलेली काच जागच्या जागी धरली गेली. रन्सी जेव्हा म्हणाले की प्रभू आपल्या बाजूस होता, तेव्हा त्यांच्या मनात ज्वाळा थांबविणारे जवान होते. त्या शिशाचे काम करणाऱ्या, नाव न कळणाऱ्या कारागिरांनाही त्यात धरले तर त्यांच्या वाक्यावरील आमचा आक्षेप बराचसा मावळतो. देवाचे संरक्षण आम्ही बहुधा चुकीच्या रात्री शोधतो. ते कधी कधी काही वर्षे आधी, शिडीवर उभे राहून, मजुरीच्या दराने होऊन गेलेले असते.

दुरुस्तीला चार वर्षे व सव्वादोन लाख नव्हे, सव्वाबावीस लाखांहून अधिक पौंड लागले. (आकडा मुद्दाम लिहिला, आमच्या मंडळ्यांच्या दुरुस्तीसमित्या अंदाजपत्रकात शून्ये कशी विसरतात हे आम्ही जाणतो.) छप्पर पुन्हा ओक लाकडाचेच केले. १९८८ मध्ये काम पूर्ण झाले. कमानी छताच्या फासळ्या जेथे मिळतात, तेथे कोरीव लाकडी चकत्या बसवितात. त्यांपैकी सहांची चित्रे दूरदर्शनवरील मुलांच्या एका कार्यक्रमाने घेतलेल्या स्पर्धेतून निवडण्यात आली. देवाने बिशपावर वीज टाकली की नाही ह्यावर मोठी माणसे भांडत असता मुलांनी चित्रे काढून पाठविली. त्यांत चंद्रावर पाऊल ठेवणारा मनुष्य आहे, समुद्रातील देवमासा आहे, आणि आफ्रिकेतील दुष्काळात भुकेलेल्यांना अन्न देण्याचे चित्र आहे. ती खाली उभे राहून नीट दिसत नाहीत, इतकी उंच आहेत. मान पुष्कळ मागे टाकावी लागते.